चार आणे आकाशात, बारा आणे रस्त्यावर

मुंबई ते दुबई तीन तास, पुणे ते कोलकाता अडीच तास, पुणे ते दिल्ली दोन तास. तिकीट विकणारे हे आकडे इतक्या सहजपणे सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावे, सकाळी दुकान उघडून गल्ल्यावर मुलाला बसवावे आणि दुपारच्या जेवणाला दिल्लीत हजर व्हावे. हे आकडे खोटे नाहीत. पण ते विमानाचे आहेत, व्यापाऱ्याचे नाहीत. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील व्यापाऱ्याने तिकीट काढण्यापूर्वी आपला आकडा स्वतः काढला पाहिजे आणि पुढाऱ्यांकडे मागणी करतानाही त्याच आकड्यावर बोट ठेवले पाहिजे, असे आमचे मत आहे. कापडाच्या धंद्यात राहून आम्ही सुरत, कोलकाता, दिल्ली आणि दुबई या बाजारांच्या वाटा पुष्कळ तुडविल्या आहेत. त्या आधारावर हे लिहीत आहोत.

प्रथम विमानाचा आकडा समजून घेऊ. दोन शहरांतील हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पाठीवरून मोजलेली सर्वांत जवळची वाट. मुंबई-दुबई हे अंतर सुमारे १,९३० किलोमीटर, पुणे-कोलकाता सुमारे १,५८० आणि पुणे-दिल्ली सुमारे साडेअकराशे. जेट विमान आकाशात तासाला आठशे किलोमीटरच्या आसपास जाते. किलोमीटरना आठशेने भागावे आणि धावपट्टीवर रांगणे, चढणे, उतरणे यासाठी अर्धा तास धरावा. वेळापत्रकातला वेळ जवळपास तेवढाच निघतो. हा हिशेब कोणत्याही मुनीमजींना तोंडी करता येईल.

मात्र सरळ वाट ही कागदावरची. विमानाला आखून दिलेल्या मार्गानेच जावे लागते, लष्करी हद्दी टाळाव्या लागतात, शेजारी देशाने दार लावले तर वळसा घ्यावा लागतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद केली तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना खाली उतरून अरबी समुद्रावरून जावे लागले आणि प्रवास लांबले. २०१९ मध्येही काही महिने हेच झाले होते. शिवाय वारा आहेच. वरच्या थरात वारा बहुतेक काळ पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, त्यामुळे मुंबईहून लंडनला जाताना विमानाला परतीपेक्षा साधारण तासभर अधिक लागतो. अंतर तेच, सुमारे ७,२०० किलोमीटर. जाता-येता भाडे वेगळे का, असे टांगेवाल्याशी भांडणारे आपले लोक विमानाच्या वेळेबाबत मात्र निमूट असतात.

तिकिटावरील घड्याळाची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण दुबईला पहिल्यांदा जाणारे त्यात हटकून फसतात. मुंबईहून सकाळी दहाला निघून दुबईला पावणेबाराला पोहोच, असे छापलेले असते. वाचणारा म्हणतो, पावणेदोन तासांत दुबई! परतीच्या तिकिटावर दुपारी एकला निघून संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी मुंबई. मग तो म्हणतो, येताना सव्वाचार तास का? दोन्ही खोटे. दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. तिकिटावर ज्या गावाचा उल्लेख, त्याच गावाची वेळ छापतात. जाताना दीड तास मिळवा, येताना वजा करा, म्हणजे जाण्याचे सव्वातीन आणि येण्याचे तीनाच्या आत बाहेर असे खरे तास निघतात. दुबईच्या देऱ्यात ज्याच्याशी भेट ठरवली आहे, त्याला आपल्या घड्याळाची वेळ देऊन बसलेले सद्गृहस्थ आम्हाला माहीत आहेत.

हे झाले आकाशातले. आता जमिनीवर येऊ.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तेथे अंतराला 'फासला' म्हणत आणि मुक्कामाला 'मंजिल'. मंजिल या अरबी शब्दाच्या मुळाशी उतरणे आहे. प्रवाशाने जेथे ओझे उतरवायचे ती जागा. मराठीत हाच शब्द 'मजल' झाला आणि मजल म्हणजे एका दिवसाची चाल. जुन्या काळच्या सौदागराला कोस विचारले तर तो कोस सांगे, पण धंद्याचा हिशेब तो मजलांवर करी. कारण कोसात घाट दिसत नाही, नदीचा पूर दिसत नाही, जकातीच्या नाक्यावर गेलेला अर्धा दिवस दिसत नाही. मजलेत हे सगळे धरलेले असते.

आपल्या जुन्नरला हे नवे नाही. सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपारा बंदरांवरचा माल नाणेघाट चढून जुन्नरला येत असे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानाचे शिलालेख आहेत, म्हणजे समुद्रापलीकडची माणसे या गावापर्यंत पोहोचली होती. जुन्नरजवळच्या हापूसबागेतील भव्य कबरीला लोक सौदागर घुमट म्हणतात. दूरच्या शहरांशी तिजारत करणे हे या मातीला ठाऊक आहे. दूरचे शहर किती मजलांवर आहे, हे तेव्हाचा व्यापारी जाणून होता. आपण ते विसरलो आणि कोसांच्या जाहिराती वाचू लागलो.

जुन्नरहून कोलकात्याची मजल मोजून पाहू. तेथील मटियाबुर्ज हा भाग तयार कपड्यांचा, विशेषतः मुलांच्या कपड्यांचा मोठा बाजार आहे. अवधचे नवाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये राज्य गेल्यावर याच भागात राहिले. आज तेथे ओस्तागर म्हणजे शिवणकामाचे कारखानदार घरोघरी आहेत आणि ईद, दुर्गापूजा, दिवाळीच्या आधी देशभरचे व्यापारी तेथे गर्दी करतात. जुन्नरचे दुकान ते लोहगाव विमानतळ हा रस्ता पंचाण्णव किलोमीटरच्या आसपास. नारायणगाव, मंचर आणि खेडला बाह्यवळणे झाल्यापासून तेथवर गाडी पळते हे कबूल. पण पुढे चाकण आहे, मोशी आहे, भोसरी आहे. चांगल्या दिवशी अडीच तास, वाईट दिवशी चार. आता दिवस चांगला निघेल की वाईट, हे निघताना कोणाला ठाऊक? म्हणून चारच धरावे लागतात. विमानतळावर दोन तास आधी हजेरी. उड्डाण पावणेतीन तास. सामान हाती यायला अर्धा तास. दमदमहून मटियाबुर्जला जायला दीड तास. बेरीज पावणेअकरा तास. त्यात विमान हवेत किती? पावणेतीन. म्हणजे रुपयातले चार आणे आकाशात, बारा आणे जमिनीवर.

दुबईचा हिशेब मांडला तर तोच भाव निघतो. जुन्नरहून माळशेज घाटाने मुंबईचा विमानतळ पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, पावसाळा आणि कल्याणची कोंडी धरून सहा तास. परदेशी उड्डाणासाठी तीन तास आधी. उड्डाण सव्वातीन. उतरल्यावर शिक्का आणि सामान यांचा एक तास. सव्वातेरा तासांत सव्वातीन. पुन्हा चार आण्यांच्या आसपासच. विमान कंपनीने उद्या दुप्पट वेगाचे विमान आणले तरी आपली बचत रुपयात दोन आणे. आणि चाकणचा रस्ता मोकळा झाला तर? कोलकात्याच्या हिशेबातच दीड तास सुटतो, तोही प्रत्येक वेळी आणि प्रत्येक शहराला.

येथे कोणी म्हणेल, मग विमानाने जाऊच नये काय? तसे नाही. कोलकात्याला रेल्वेने, पुण्याहून हावड्याला आझाद हिंद एक्स्प्रेसने, दीड दिवसाच्या आसपास लागतो. त्यापुढे पावणेअकरा तास म्हणजे मोठीच बरकत. हॉटेलचे भाडे वाचते आणि दुकान दोन-तीन दिवस कमी बंद राहते. आमच्यासारख्यांच्या दुकानात बाप आणि मुलगा, फार तर एक नोकर. त्यातला एक माणूस चार दिवस नसणे म्हणजे काय, हे मोठ्या शोरूमवाल्यांना कळणार नाही. हजार किलोमीटरच्या पुढे विमान घ्यावे. पाचशेच्या आत घेऊ नये. मधल्या अंतराला वही काढून बसावे.

सुरतेचेच पाहा ना. आपल्या साड्या आणि ड्रेस मटेरियलचा मोठा भाग सुरतेहून येतो. जुन्नर ते सुरत सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर, रस्त्याने साडेतीनशे ते पावणेचारशे. विमानाने जायचे तर उत्तरेला असलेल्या सुरतेसाठी आधी पुण्याला, म्हणजे उलटे दक्षिणेकडे, नव्वद-पंचाण्णव किलोमीटर जायचे. चार तास रस्ता, दोन तास हजेरी, तासाभराचे उड्डाण, उतरून मार्केटात पोहोचायला दीड तास. साडेआठ तास. रात्री जेवून गाडीत बसलेला माणूस माळशेज उतरून, भिवंडीमार्गे जवळपास तेवढ्याच वेळात सुरतेच्या रिंगरोडवर चहा पीत असतो. झोपही गाडीत झालेली असते, आणि विमानाने न येणारे चार गठ्ठे येताना सोबत आणतो. तरीही आमच्या बाजारातील काही तरुण सुरतेसाठी विमानाचे तिकीट शोधताना दिसतात. हौसेला मोल नसते, पण ती हौस दुकानाच्या खर्चात लिहू नये.

दिल्लीची गंमत वेगळीच आहे. नकाशावर लोहगाव ते दिल्ली अशी सुतळी ताणून धरा, ती जवळपास आळेफाट्यावरून जाते. प्रत्यक्ष विमान थोडे इकडे-तिकडे जात असेल. पण जुन्नरचा माणूस दिल्लीसाठी चार तास दक्षिणेला जातो आणि मग विमानात बसून दहा मिनिटांत आपल्याच तालुक्यावरून परत उत्तरेला जातो, हे खरे. खिडकीची जागा मिळाली तर शिवनेरीकडे पाहून सलाम करावा.

फोटोवर माल मागवा, जाता कशाला, असेही काही जण सुचवितात. मागवतो. चालू माल, ठरलेला रंग, ओळखीचा दलाल असेल तर मोबाइलवरचे चित्र पुरते. पण नवीन माल डोळ्यांनी नव्हे, बोटांनी घ्यायचा असतो. पोत, वजन, धुतल्यावर आकसेल की नाही, जरी बोचेल की नाही, हे पडद्यावर दिसत नाही. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली आंबेगावची बाई पदर चिमटीत धरून पाहते, आणि तिची चिमूट दुकानदाराच्या चिमटीपेक्षा पारखी असते. म्हणून वर्षातून तीन-चार वेळा तरी जाणे भाग आहे, आणि जाणे भाग आहे म्हणून वाट महत्त्वाची.

आता मागणीचा मुद्दा. आपल्या दोन तालुक्यांत विमानतळ हा शब्द निघाला की सुस्कारे ऐकू येतात. पुण्याचा नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ आधी चाकण आणि मग राजगुरुनगर परिसरात होणार, असे वर्षानुवर्षे बोलले गेले. तो तेथे झाला असता तर जुन्नरहून तासाभराचा, मंचरहून अर्ध्या तासाचा रस्ता. पण आजूबाजूच्या डोंगरांमुळे जागा योग्य ठरली नाही, जमीन द्यायला शेतकऱ्यांचा विरोध होता, आणि २०१६ मध्ये पुरंदर तालुक्याचे नाव जाहीर झाले. आमच्या काही बांधवांना अजून त्याचे दुःख आहे. ज्यांच्या बागायती त्यात जाणार होत्या, त्यांच्यापुढे हे दुःख बोलून दाखवण्याची हिंमत आम्हाला तरी झाली नाही. पुरंदरच्या सात गावांतील लोक तोच विरोध करीत आले आहेत.

पण पुरंदरचा अर्थ आपल्यासाठी काय, हे कोणी मांडत नाही. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटरची, त्यामुळे लांब पल्ल्याची अवजड विमाने तेथून पूर्ण भाराने उडू शकत नाहीत. दुबई, सिंगापूर, बँकॉक अशी मोजकीच परदेशी उड्डाणे अलीकडच्या वर्षांत तेथून झाली. २०२४ च्या जुलैमध्ये नवीन टर्मिनल वापरात आले, बसायला जागा वाढली. धावपट्टी तीच राहिली. उद्या पुरंदर झाले आणि नागरी उड्डाणे तिकडे वळली, तर आपल्याला चाकण, भोसरी आणि अख्खे पुणे शहर ओलांडून सासवडच्या बाजूला जावे लागेल. पुण्याच्या दक्षिणेकडच्यांना ते सोयीचे असेल. आपल्या मजलेत दीड-दोन तासांची भर पडेल. पुण्याला नवा विमानतळ मिळणार म्हणून आपण पेढे वाटण्याचे कारण नाही.

रेल्वेचेही असेच झाले. पुणे-नाशिक हा सुमारे २३५ किलोमीटरचा नवा मार्ग चाकण, मंचर, नारायणगाव, आळेफाटा असा आखला होता. गाडी आली असती तर विमानतळाचा निम्मा प्रश्न सुटला असता. पण नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय दुर्बीण प्रकल्प आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातून येणाऱ्या अत्यंत क्षीण रेडिओ लहरी ऐकतात, आणि विजेच्या गाडीमुळे त्यात अडथळा येईल, असा आक्षेप निघाला. मग शिर्डी आणि अहिल्यानगरकडून जाणारा मार्ग पुढे आला. दुर्बीण जगात नावाजलेली आहे, तिच्याविषयी आमची तक्रार नाही. कोट्यवधी प्रकाशवर्षांचे अंतर जेथे मोजतात, त्याच तालुक्यातील माणसाला चाकण किती वेळात ओलांडेल हे सांगता येत नाही, एवढे फक्त नोंदवून ठेवतो.

विमानतळ गेला, रेल्वे वळली. ती परत आणण्याच्या सभा होतील तेव्हा आम्हीही जाऊ. पण या सभांच्या गर्दीत जी कामे खरोखर होऊ शकतात ती मागे पडतात. नाशिक फाटा ते खेड या सुमारे तीस किलोमीटरच्या उन्नत रस्त्याला २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. खर्च ७,८२७ कोटी रुपये सांगितला गेला. व्यापारी संघटनांनी निवेदने द्यायची तर या रस्त्यासाठी द्यावीत. पुरंदरला किती गुंठे संपादन झाले, यापेक्षा चाकणला किती खांब उभे राहिले, ही बातमी आपल्या कामाची आहे.

दुसरे काम माळशेजचे. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमाने उडू लागली. आमच्या मते आपल्या दोन तालुक्यांचा, निदान जुन्नर, ओतूर, आळे या भागाचा, पुढच्या काळातला विमानतळ हाच आहे, पुरंदर नव्हे. आखाताची उड्डाणे तेथे वाढत जातील तशी आपली वाट माळशेज, मुरबाड, कल्याण, पनवेल अशी ठरेल. नाणेघाटाच्या शेजारचाच हा घाट. पण जुलै-ऑगस्टमध्ये तेथे दरड कोसळते, धुके इतके की गाडीपुढचा माणूस दिसत नाही, आणि शनिवार-रविवारी धबधबे पाहणाऱ्यांच्या गाड्या रस्त्यातच उभ्या. हा राष्ट्रीय महामार्ग आहे, पर्यटनस्थळाचे वाहनतळ नव्हे. दरडीच्या जागी जाळ्या, रात्रीची गस्त आणि पावसाळ्यात घाट बंद झाला तर ती बातमी आळेफाट्यावरच फलकावर मिळण्याची सोय, एवढे जरी झाले तरी सहा तासांचे साडेचार होतील.

तिसरे काम सर्वांत स्वस्त. नारायणगावला एस.टी.चे आगार आहे. जुन्नरहून निघून नारायणगाव, मंचर, खेड घेत, चाकणहून भोसरीत न शिरता आळंदीमार्गे लोहगावला जाणारी थेट बस दिवसातून दोनदा सुटावी. आज माणूस एकटा असला तरी पूर्ण गाडी करून जातो, आणि ते भाडे पुष्कळदा विमानाच्या तिकिटाच्या निम्म्यावर जाते. सकाळचे विमान असेल तर आदल्या रात्रीच पुण्यात जाऊन लॉजवर पडतो, तो खर्च वेगळा. गेल्या लग्नसराईत आमच्या बाजारातील एका दुकानदाराचे कोलकात्याचे विमान चाकणला अडकल्यामुळे सुटले. तिकीट बुडाले, दुसरे दुपटीने घेतले, आणि बाजाराचा दिवस हुकल्याने उरलेला माल उचलून आणावा लागला. त्या हंगामाचा नफा त्या एका कोंडीत गेला.

बसचे उत्पन्न होईल का, असे अधिकारी विचारतील. केवळ व्यापाऱ्यांवर ती चालणार नाही हे आम्हालाही कळते. पण पुण्याच्या कंपन्यांत काम करणारी, बंगळूर-हैदराबादला जा-ये करणारी मुले आता प्रत्येक गावात आहेत. आखातात नोकरीला गेलेले आहेत. द्राक्ष-टोमॅटोचे व्यापारी दिल्ली-कोलकात्याला जातात. आपापल्या गावातील अशा प्रवाशांची महिन्याची संख्या व्यापारी संघटनांनी मोजावी, जुन्नर, नारायणगाव, मंचर आणि घोडेगाव येथून ती एकत्र करावी आणि तो कागद घेऊन आगारप्रमुखांकडे जावे. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, त्याआधी पावसाळ्यातच हे करावे लागेल. बस पहाटे दोनला सुटणारी असली तरी हरकत नाही, सहाचे विमान पकडणारे तेव्हा जागेच असतात.